गाडी पाहायला जाल तर मागे बसा

आमच्या घरात माणसं सहा. मी, नवरा, सासू-सासरे, थोरली लेक आणि धाकटा मुलगा. गणपतीला नणंद आली की सात. जुन्या पाच सीटच्या गाडीत आम्ही मावत नव्हतो. लग्नाकार्याला निघालो की अर्धं घर गाडीत आणि अर्धं रिक्षात. म्हणून २०२२ च्या अक्षय्य तृतीयेला तीन रांगांची, सात सीटची मोठी डिझेल एसयूव्ही बुक केली. जुलैत ती दारात आली आणि जेमतेम दीड वर्षात आम्ही ती विकली. गेलेल्या पैशांचं दुःख ओसरलं, पण धाकट्याला मांडीवर घेऊन मी आंबा घाट उतरले तो प्रवास आठवला की आजही पोटात गोळा येतो. तुमच्याकडे अशी खरेदी व्हायची असेल तर आमचं काय चुकलं ते आधी वाचा.

चूक शोरूममध्येच झाली. गाडी पाहायला नवरा आणि मी असे दोघंच गेलो. त्यानं बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर वीस मिनिटं चालवली, मी शेजारी बसले. उंच बसायला मिळतं, रस्ता लांबपर्यंत दिसतो, वर सनरूफ. मागचं दार उघडून तिसरी रांग पाहिली खरी, पण उभ्यानं. ‘सात जण आरामात बसतात’ असं विक्रेत्यानं सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. ज्यांच्यासाठी सात सीटची गाडी घ्यायची, ते सासू-सासरे आणि मुलं त्या वेळी घरी होती.

पहिल्याच रविवारी सासूबाईंनी दाराशी पाय उचलला आणि तो अर्ध्यातच राहिला. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. आमच्या जिन्याची पायरी सात इंचांची, ती त्या कठड्याला धरून चढतात. या गाडीचा तळ जमिनीपासून २२ इंचांवर होता. मधे पाय ठेवायला पट्टी होती, पण ती पावसात निसरडी व्हायची आणि धरायला आत हात लांब घालावा लागायचा. एका हातानं माझा खांदा आणि दुसऱ्यानं सीट धरून त्या कशाबशा वर आल्या, आणि बसल्यावर पहिलं वाक्य बोलल्या, “आता उतरायचं कसं गं?” त्यानंतर त्या देवळात जायलाही रिक्षाच मागायला लागल्या. गाडी घेतली होती त्यांच्यासाठी.

पण खरी परीक्षा गणपतीत झाली. गाव देवरुखजवळ. आम्ही कराडवरून आंबा घाटानं साखरप्यात उतरतो. सात माणसं आणि सामान म्हणजे सगळ्यांचे कपडे, मखराचा पुठ्ठा, समया, मोदकपात्र, सासऱ्यांच्या औषधांची पेटी. तिसरी रांग उभी केली आणि डिकी उघडली, तर सीटची पाठ आणि मागचं दार यांच्यात वीतभर आणि वर चार बोटं जागा. दोन पिशव्या उभ्या राहिल्या, बस्स. सकाळी सहाला, भुरभुर पावसात, सोसायटीच्या दारात आम्ही सामान लावत आणि काढत होतो. शेवटी तिसऱ्या रांगेची अर्धी सीट दुमडून तिच्यावर सामान चढवलं. मागे थोरली एका बाजूला आक्रसून बसली. मधल्या रांगेत सासूबाई, नणंद, मी, आणि माझ्या मांडीवर सात वर्षांचा मुलगा. सात सीटच्या गाडीत सहा सीट उरल्या होत्या आणि एका मुलाला बेल्ट नव्हता. ते आम्हाला कळत होतं. तरी निघालो.

घाट सुरू झाला आणि थोरलीला गाडी लागली. आधीच्या गाडीत तिला कधी लागत नसे. आलेपाक दिला, आवळा सुपारी दिली, दोनदा थांबलो, काही उपयोग झाला नाही. नंतर मी मुद्दाम तिच्या जागी बसून पाहिलं तेव्हा कारण समजलं. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर येते, त्यामुळे प्रत्येक वळणाचा झोल आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका तिथे सर्वांत जास्त. खिडकी लहान, तिची खालची कड उंच, समोर मधल्या सीटची पाठ. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण वळतोय, डोळ्यांना मात्र बाहेरचा रस्ता दिसतच नाही. हा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. त्यातून एसीची हवा तिथवर पोचत नव्हती. पुढे आम्ही गारठत होतो आणि ती घामानं भिजली होती.

गौरीपूजनाचा दिवस होता, ४ सप्टेंबर. दुपारची जेवणं उरकली होती. टीव्हीवर बातमी आली की पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. घरात कुणी काही बोललं नाही. सासऱ्यांनी नातवाला जवळ ओढून बसवलं. परत येताना नणंद दोन्ही मुलांना घेऊन एसटीनं आली.

पुण्यात आल्यावर मी शिवणाची टेप घेऊन गाडीत शिरले. चांगली खुर्ची जमिनीपासून सोळा-सतरा इंचांवर असते. आमच्या तिसऱ्या रांगेत तळापासून उशीपर्यंत अंतर होतं दहा इंच. म्हणून मुलांचे गुडघे छातीशी यायचे आणि मांडीला खालून आधार नसायचा. असं का, ते आमच्या गॅरेजवाल्या दादांनी गाडी वर उचलून दाखवलं. जाड लोखंडी चॅसिसवर बसवलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी असली की मागच्या आसाला, त्याच्या गोळ्याला आणि चाकांच्या वरखाली होण्याला जागा सोडावी लागते. साहजिकच तळ वर येतो. छत मात्र फार वर नेता येत नाही, मग सीटच तळाजवळ बसवतात. वाईट रस्त्यावर, शेताच्या वाटेवर, भार ओढायला अशी गाडी फार भक्कम, तिचा तो गुण खरा आहे. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, बुटक्या तळाच्या एमपीव्हीत त्याच लांबीत तिसऱ्या रांगेला पाय सोडून बसता येतं. बाहेरून मोठी दिसणारी गाडी आत मोठी असतेच असं नाही. चॅसिसवरच्याच दोन गाड्या घ्या. फॉर्च्युनर ४,७९५ मिलिमीटर लांब आणि इनोव्हा क्रिस्टा ४,७३५, म्हणजे क्रिस्टा सहा सेंटिमीटरनं लहानच. तरी दोन्हींच्या तिसऱ्या रांगेत लागोपाठ बसून पाहा.

सासरे जुन्या सुमोची आठवण काढतात. १९९४ साली आलेल्या त्या गाडीला टाटांनी कंपनीचे माजी प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरं दिली. मागे समोरासमोर बाकडी, दहा-दहा माणसं, वर कॅरियरवर सामान, आणि गावच्या जत्रेला सगळं खटलं एकत्र. ‘गाडी मोठी की सगळे मावतात’ हे आपल्या मनात तिथून बसलं असावं. त्या बाकड्यांवर बसून आम्ही सगळेच मजेत गेलो आहोत. आज आपल्या मुलांना तसं बसवायचं नाही, एवढं मात्र मी पक्कं ठरवलं आहे.

सुरक्षेचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे ताऱ्यांवर विसंबून फसगत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी आहे. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला घेतात, प्रौढांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण देतात. जरूर पाहा ते गुण. पण धडकेच्या चाचणीत मुलांचे पुतळे मधल्या रांगेत असतात, मोठ्यांचे पुढे. तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचं काय होईल, हे पाच तारे सांगत नाहीत. ते आपणच तपासायचं. खिडकीवरून उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग शेवटच्या खिडकीपर्यंत येते का, हे माहितीपुस्तकात पाहून घ्या; विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर राहू नका. डोक्यामागची उशी उंच माणसाच्या डोक्यापर्यंत पोचते का, की मानेतच संपते? डोकं आणि मागची काच यांच्यात किती अंतर उरतं? मुलांची खुर्ची अडकवायचे आयसोफिक्सचे हूक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेतच असतात. खुर्ची तिथे लावली तर तिसऱ्या रांगेत जायची वाट बंद होते का, तेही पाहा. मागे बेल्ट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली हजार रुपये दंड आहे, चौदा वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तरी तेवढाच. मला दंडाची भीती नाही वाटत. मला ती मांडी आठवते.

डिझेलची चूक वेगळी आणि ती सर्वस्वी आमची. नवऱ्याचं ऑफिस सहा किलोमीटरवर, शाळा चारावर. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. साठलेली काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी सलग, बऱ्या वेगानं चालणं लागतं. आम्ही तापायच्या आत गाडी बंद करायचो. पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर दिवा लागला. मग दर पंधरा दिवसांनी, काम नसताना, केवळ जाळी साफ व्हावी म्हणून द्रुतगती मार्गावर फेरी. रोजचं रनिंग थोडं आणि शहरातलंच असेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड बघा. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के, पेट्रोलला १३. हा पैसा गाडी विकताना परत येत नाही. आम्हाला ऑन रोड २५ लाखांना पडलेली गाडी साडेअठराला गेली.

पार्किंगही आधी मोजा. आमच्या सोसायटीत दोन मजली स्टॅक पार्किंग आहे आणि खालच्या कप्प्यावर उंचीची मर्यादा रंगवलेली आहे. ती पाटी आम्ही आठ वर्षं रोज पाहत होतो. गाडी आली त्या संध्याकाळी वाचली.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी वहीत लिहून काढलं, गेल्या वर्षात सहा जण किती वेळा निघालो, सात किती वेळा. सात फक्त चार वेळा निघाले. सहा मात्र जवळजवळ दर आठवड्याला. तुमच्या वहीत सहा-सात जणांचा आकडा वर्षाकाठी दोन-तीनवरच थांबला, तर मी मनापासून सांगते, पाच सीटची चांगली गाडी घ्या आणि त्या दिवसांपुरती मोठी गाडी चालकासह भाड्यानं बोलवा. हप्ता, विमा, टायर, सगळं हलकं होईल. आमची गरज तिसऱ्या रांगेची होती, उंच बोनेटची नव्हती. एवढं कळलं आणि निम्म्या गाड्या यादीतून गळाल्या.

उरलेल्या गाड्या पाहायला सहाही जण गेलो. सोबत टेप, सासूबाईंची काठी, दोन मोठ्या बॅगा आणि मोदकपात्र. शोरूममधली माणसं आधी चमकली, मग मदतीला आली. सगळ्या सीटवर सगळे बसवले, मग डिकी बंद होते का ते पाहिलं. मधल्या रांगेत बाक घ्यायचं की दोन सुट्या खुर्च्या, यावर बरीच चर्चा झाली. सुट्या खुर्च्यांत सातवी सीट जाते, पण मधून मुलं मागे जातात, कुणाला उठवावं लागत नाही. आणि सासूबाईंना उठताना दोन्ही हातांना टेकू मिळतो. आम्ही सुट्या खुर्च्या निवडल्या. गणपतीला नणंद एसटीनं येते आणि तिची त्याबद्दल तक्रार नाही. मग जी गाडी आवडली तीच, त्याच मॉडेलची, दोन दिवस भाड्यानं घेऊन ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंत नेली. जाताना मुलं मागे, येताना मी मागे. काही हजार रुपये गेले असतील, पण त्या दोन दिवसांनी जे दाखवलं ते वीस मिनिटांच्या फेरीत कधीच दिसत नाही. भर पावसात भरलेली गाडी चढावर कशी ओढते, उतारावर ब्रेक किती लागतात, मागच्या खिडकीची काच धुरकटते का.

आणखी एक. माणशी ६५ किलो धरले तरी सात जणांचे ४५५ किलो होतात, सामान वेगळं. गाडी किती भार पेलते ते पुस्तिकेत असतं. टायरमधली हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, बऱ्याचदा दोन आकडे, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा. गावाला निघताना दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरा. कॅरियरवर किती वजन चालतं तेही पुस्तिकेतच आहे, आणि ते आपण समजतो त्याहून बरंच कमी असतं.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका सात सीटची गाडी बघायला निघाले. मी म्हटलं, काकूंना घेऊन चला, मीही येते. काकूंचं गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय. पहिल्या गाडीत मी त्यांना सहा वेळा चढायला-उतरायला लावलं. पहिल्या दोन वेळा जमलं, तिसऱ्यांदा त्या थांबल्या, पाचव्यांदा दाराच्या कडेवर हात फिरवत राहिल्या. विक्रेता काकांना सनरूफ उघडून दाखवत होता. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाऊल टेकतंय गं, पण हात धरायला काही नाही.” काकांनी सनरूफकडची नजर काढली आणि आम्ही पलीकडच्या गाडीकडे गेलो.