उष्णतेनेच वाहणारा द्रव

रब्बीच्या हंगामात चिखली-मेहकरकडच्या शिवारात विजेचे पंप एकाच वेळी सुरू होतात आणि सारा भार येतो तो रोहित्रावर, म्हणजे आपल्या बोलीतील ‘डी.पी.’वर. ती जळाली की हरभऱ्या-गव्हाचे पाणी अडते. तेव्हा रोहित्र थंड कसे राहते, हा प्रश्न केवळ विज्ञानशाखेचा नाही.

रोहित्राच्या टाकीत तारांची वेटोळी तेलात बुडालेली असतात. तापलेले तेल हलके होऊन वर चढते, बाजूच्या नळ्यांतून निवत खाली उतरते आणि पुन्हा वेटोळ्यांकडे येते. यालाच अभिसरण म्हणतात. त्याला पंप लागत नाही. परंतु त्याची गती मंद असते. नेमलेल्या मर्यादेपेक्षा तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसने वाढले, तर वेटोळ्यांवरील कागदी आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. यावरून थोड्या अंशांचेही मोल ध्यानात यावे.

अभिसरणाला बळ देण्याचा एक मार्ग म्हणजे चुंबकीय द्रव. वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढता यावे म्हणून अमेरिकेच्या ‘नासा’तील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ साली तो तयार केला. त्यात मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण तेलात तरंगत असतात. एकेक कण मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढा. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकावर स्निग्धाम्लाचा लेप असतो. या कुळातले लोहखनिज लोणारच्या काळ्या बेसाल्ट खडकातही आहे.

आता मुख्य मुद्दा. पदार्थ तापला की त्याचे चुंबकत्व क्षीण होते आणि ‘क्युरी तापमाना’ला ते जवळजवळ नाहीसे होते. समजा, तापणाऱ्या भागाजवळ चुंबक ठेवला. थंड द्रव त्याकडे जोराने ओढला जातो. तेथे तापताच त्याची ओढ कमी होते आणि मागून येणारा थंड द्रव त्याला पुढे ढकलतो. तापमानातील फरक जितका मोठा, तितका प्रवाह वेगवान. मग हे काम फुकटात होते काय? नाही. शक्ती पुरविते ती उष्णता. चुंबक केवळ वाट दाखवितो. सर्वत्र तापमान सारखे झाले, तर प्रवाहही थांबेल.

रोहित्रात तर वेगळा चुंबकही नको. वेटोळ्यांभोवती चुंबकीय क्षेत्र असतेच. अडचणी मात्र आहेत. मॅग्नेटाइटचे क्युरी तापमान सुमारे ५८० अंश. तेलाच्या तापमानाला त्याचे चुंबकत्व फारसे बदलत नाही. म्हणून मँगनीज-झिंक फेराइटसारखे, कमी क्युरी तापमानाचे पदार्थ वापरून पाहिले जातात. शिवाय कण वर्षानुवर्षे तळाशी न बसता टिकले पाहिजेत, तेलाचा विद्युतरोधक गुण राहिला पाहिजे आणि खर्चही परवडला पाहिजे.

ध्वनिक्षेपकाच्या वेटोळ्यातील उष्णता बाहेर नेण्यासाठी हा द्रव पूर्वीपासून वापरात आहे. शिवारातली डी.पी. मात्र अजून साध्या तेलावरच निवते. तोवर तिच्यावर पेलेल एवढाच भार टाकणे, हा तिला जपण्याचा सर्वांत सोपा उपाय होय.