पणजोबांच्या आईचे नाव



आजोबांचे नाव आपण सगळे सांगतो. पणजोबांचेही सांगू. पण पणजोबांच्या आईचे नाव काय? मला येईना. घरात कोणालाच येईना.

2023 साली मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली. त्यावरून गुरुजींनी आम्हाला आपापल्या घराची वंशावळ काढायला सांगितली. मी ती कशी काढली ते लिहिते.

पहिली पायरी : घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आजी म्हणाली, "आगं, तिला समदी 'काटीची'च म्हणायची. म्या काय बघितली न्हाई. मोठ्या दुष्काळात गेली ती." काटी हे तुळजापूर तालुक्यातील गाव, तिचे माहेर. मोठा दुष्काळ म्हणजे 1972 चा. नाव नाही, पण साल मिळाले.

दुसरी पायरी : घरातले कागद पाहा. ट्रंकेत पणजोबांचा शाळेचा कागद निघाला. तो उर्दूत. आपला जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चाले. शेजारच्या चाचांनी वाचून दाखवला. जन्म 1342 फसली. फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. 1342 + 590 = 1932. कागदावर पणजोबांच्या वडिलांचे नाव होते. आईचे नव्हते.

तिसरी पायरी : सरकारी नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. आपल्या राज्यात तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. म्हणजे 1972 ची नोंद असायला हवी! मी बाबांबरोबर ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेबांनी जुने रजिस्टर काढले. पाने पिवळी, कडा कुरतडलेल्या. बाबा बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. पतीचे नाव आमच्या कागदाशी जुळले आणि बाबा थांबले. शेजारी तिचे नाव होते.

त्याआधीच्या नोंदी हव्या असतील तर तहसील कचेरीत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14, आहे का ते विचारावे. एक लक्षात ठेवा. जुन्या नोंदीतले वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते. म्हणून दोन कागद ताडून पाहावेत.

घरी येऊन आजीला नाव सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "किती चांगलं नाव व्हतं गं. कुणी हाकच मारली न्हाई."

त्या वेळी घरातले कोणीतरी जाऊन नोंद करून आले, म्हणून ते नाव आज सापडले. पालकहो, जन्म असो वा मृत्यू, 21 दिवसांच्या आत नोंद करा. आणि मित्रांनो, वंशावळीत आजी, पणजी, आत्या यांचीही नावे लिहा. आमची वंशावळ शेजारी लावली आहे. लाल शाईने लिहिलेले नाव मोठ्याने वाचा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी