यंत्राची कसोटी

सोनार सोने पारखतो, ते एका काळ्या दगडावर घासून. त्या दगडालाच कसोटी म्हणतात. दगडावर उमटलेली रेघ पाहून सोन्याचा कस त्याच्या ध्यानात येतो. विदर्भातील यवतमाळ जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथे कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. या सोन्याचीही पारख होतेच. बाजारात कापसाची गाडी आली, की जाणता पारखी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी व बळकटी अजमावतो. वस्तू पारखून मगच घ्यावी, हा व्यवहाराचा जुना नियम आहे. यंत्रांनाही तो लागू पडतो.

आज अनेक घरांत जो स्मार्ट टीव्ही दिसतो, तो अशाच पारखीची वस्तू होय. मुंबईच्या दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा संच केंद्राकडून येईल तेवढेच चित्र दाखवीत असे. स्मार्ट टीव्ही मात्र चित्र दाखवणारा एक संगणकच आहे. तो इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्यात निरनिराळी ॲप असतात. ॲप म्हणजे संगणकाने कोणत्या वेळी काय करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. या मालिकेत हजारो आज्ञा असतात, आणि त्यांतील एखादी चुकली, तरी सारे काम अडून बसू शकते.

ही अडचण केवळ करमणुकीपुरती नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा २० जुलैपासून ‘टिलीमिली’ ही पाठमाला सह्याद्री वाहिनीवरून दाखवली जाऊ लागली. घरी बसलेल्या मुलांना टीव्हीचा पडदाच फळा झाला. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असते. नेमकी त्या वेळी वीज गेली, तर पाठ हुकतो. ॲपमध्ये साठवलेला पाठ हवा तेव्हा उघडता येतो. परंतु तेच ॲप मध्येच बंद पडले, किंवा त्यातील अक्षरे वाचता आली नाहीत, तर मुलाचा तो पाठ बुडतोच. म्हणून ॲप लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्याची कसोटी घेणे अगत्याचे ठरते.

ही कसोटी माणसानेच का घेऊ नये? टीव्हीसमोर बसावे, रिमोटची बटणे दाबावी आणि सर्व ठीक चालते की नाही ते पाहावे. प्रारंभी असेच करतात. परंतु ॲपमध्ये वरचेवर बदल होत असतात. एके ठिकाणी ठिगळ लावताना कापड दुसरीकडे उसवावे, तसा एक दोष काढताना दुसरा शिरतो. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर सारी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. शिवाय सर्व टीव्ही एका जातीचे नसतात. कोणत्या संचात ॲन्ड्रॉइड टीव्ही, कोणत्या संचात वेबओएस, तर कोणत्या संचात टायझन ही प्रणाली असते. लोक टीव्ही पुष्कळ वर्षे वापरतात. त्यामुळे जुने, मंद गतीचे संचही तपासावे लागतात. तीच ती बटणे शेकडो वेळा दाबताना माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या डोळ्यांतून चूक निसटते.

म्हणून हे काम यंत्राकडे सोपवण्याची युक्ती निघाली. हिला स्वयंचलित चाचणी म्हणतात. प्रयोगशाळेत मांडण्यांवर अनेक टीव्ही ओळीने ठेवलेले असतात. कोणाच्याही हाती रिमोट नसतो. रिमोटमधून निघतात तसेच अवरक्त किरण एक लहानसे उपकरण टीव्हीकडे सोडते आणि टीव्हीला बटण दाबल्यासारखे वाटते. कोणते बटण केव्हा दाबायचे, याची यादी संगणकाजवळ असते. पडद्यावरील चित्र तारेने किंवा कॅमेऱ्याने संगणकाकडे येते. अपेक्षित चित्र त्याच्याजवळ आधीच ठेवलेले असते. दोन्ही जुळली, तर ‘उत्तीर्ण’, न जुळली तर ‘अनुत्तीर्ण’, अशी नोंद होते. माणसे रात्री झोपी जातात आणि यंत्र परीक्षा घेत राहते. सकाळी निकाल तयार असतो.

यंत्राचा परीक्षक थकत नाही, हे खरे. परंतु तोही सारे काही तपासू शकत नाही. वर, खाली, डावे, उजवे आणि ‘ओके’ अशी रिमोटची पाचच बटणे घेऊ. एका वेळी एक, अशी दहा वेळा बटणे दाबण्याचे किती प्रकार होतील? पाचाला पाचाने गुणत दहा पाच घेतले, की संख्या येते ९७,६५,६२५. दर सेकंदाला एक बटण दाबले, तर प्रत्येक प्रकाराला दहा सेकंद लागतील, आणि सर्व प्रकार पुरे होण्यास एका संचावर तीन वर्षांहून अधिक काळ जाईल. तोवर ॲप कितीतरी वेळा बदललेले असेल.

यावर एक गमतीचा उपाय योजतात. १९८३ साली ॲपल कंपनीतील स्टीव्ह कॅप्स यांनी मॅकिंटॉश संगणकाच्या तपासणीसाठी ‘मंकी’, म्हणजे माकड, या नावाची आज्ञावली लिहिली. माकडाने खेळावे तशी ती वाटेल ती कळ दाबत सुटे. शहाण्या माणसाला कधी सुचणार नाहीत अशा चाळ्यांतून लपलेले दोष उघडे पडत. आजही अशा ‘माकडचाचण्या’ घेतल्या जातात. तथापि माकडाला आकलन नसते. संच बंद पडला हे त्यावरून कळते. पडद्यावरील शब्द शुद्ध आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

कोणता प्रश्न विचारायचा, हे अखेर माणसालाच ठरवावे लागते. यवतमाळ जिल्ह्याचेच उदाहरण पाहावे. या जिल्ह्यात १६ तालुके आहेत: यवतमाळ, बाभुळगाव, कळंब, राळेगाव, नेर, पुसद, उमरखेड, महागाव, घाटंजी, केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी, आर्णी, दारव्हा आणि दिग्रस. तालुका निवडला, की तेथील हवामान दाखवणारे एक ॲप आहे, असे समजू. त्याच्या परीक्षकाने यादीतील पहिली तेरा नावे तपासली. सर्व अचूक उमटली आणि त्याने ॲप उत्तीर्ण केले. परंतु जोडाक्षरे आहेत, ती नेमकी शेवटच्या तीन नावांतच!

संगणक ‘आर्णी’ हा शब्द आ, र, हलन्ताची खूण, ण आणि दीर्घ वेलांटी या क्रमाने साठवतो. पडद्यावर दाखवताना मात्र ‘र’चा रफार करून तो ‘ण’च्या डोक्यावर ठेवावा लागतो. ‘दिग्रस’ मधील ऱ्हस्व वेलांटी साठवताना ‘द’च्या नंतर येते, पण दिसताना ती ‘द’च्या आधी दिसली पाहिजे. ही मांडणी ज्या संचाला नीट साधत नाही, त्याच्या पडद्यावर अक्षरे सुटी पडतात, पाय मोडलेला ‘र’ एकटाच उभा राहतो. अशा वेळी परीक्षक यंत्राने ॲपला नुसते विचारले, “तुझ्याजवळ कोणता शब्द आहे?” तर ॲप ‘आर्णी’ असेच उत्तर देईल, कारण साठवलेला शब्द शुद्धच आहे. दोष आहे तो उमटण्यात. तो पकडण्यासाठी पडद्याचे चित्रच तपासावे लागते. पुढे आणखी एक प्रश्न येतो. हिंदीसाठी केलेला कळफलक जसाच्या तसा मराठीला दिला आणि त्यात ‘ळ’ नसला, तर ‘यवतमाळ’ हे नाव शोधावे तरी कसे? मराठी जाणणाऱ्या माणसाने हे प्रश्न यादीत घातले, तरच यंत्र ते विचारील.

यंत्राच्या निकालावर आंधळा विश्वास ठेवणेही हिताचे नसते. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ असते. काल टिपलेल्या चित्रात आठ वाजले होते आणि आज नऊ वाजले आहेत. चित्रे जुळत नाहीत, म्हणून यंत्र ‘दोष, दोष’ असे ओरडते. वस्तुतः दोष कोठेच नसतो. असे वारंवार घडले, की ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे माणसे त्या ओरडण्याकडे लक्ष देईनाशी होतात. मग एके दिवशी खरोखरीचा लांडगा येतो. म्हणून चतुर परीक्षक यंत्राला घड्याळाचा तेवढा कोपरा सोडून उरलेले चित्र जुळवण्यास सांगतो.

न विचारलेला प्रश्न किती महाग पडतो, हे ३१ डिसेंबर २००८ रोजी दिसून आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘झून’ या गाणी ऐकण्याच्या उपकरणाचा एक प्रकार त्या दिवशी जगभर ठप्प झाला. २००८ हे लीप वर्ष होते आणि तो त्या वर्षाचा ३६६ वा दिवस होता. दिवसांवरून वर्ष काढणाऱ्या आज्ञावलीत ३६६ व्या दिवसाचा विचार नीट झालेला नव्हता. त्यामुळे यंत्र त्याच हिशेबात गोल गोल फिरत राहिले. दुसरा दिवस उजाडल्यावर बॅटरी उतरवून ती उपकरणे पुन्हा सुरू करता आली. यंत्राचे पंचांग पुढे सरकवून तो दिवस आधीच आणून पाहिला असता, तर काही मिनिटांत दोष सापडला असता.

नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ साली एका परिषदेत हेच तत्त्व सांगितले. चाचणीने दोष आहेत, हे दाखवता येते. दोष मुळीच नाहीत, असे तिच्याने सिद्ध होत नाही. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, याचा अर्थ एवढाच, की विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर आली.

यंत्राजवळ चिकाटी आहे, वेग आहे. परंतु दारव्ह्याच्या घरी वीज कधी जाते, मूल कोणते बटण चुकून दाबते, आजीला किती मोठे अक्षर वाचता येते, हे त्याला ठाऊक नाही. ते ठाऊक आहे तेथे राहणाऱ्यांना. चाचण्यांची यादी करणाऱ्यांत असा एखादा जाणकार बसला, की त्याचा प्रश्न यंत्र रात्रभर न थकता विचारीत राहते, आणि आर्णीच्या मुलाला आपल्या गावाचे नाव पडद्यावर शुद्ध वाचायला मिळते.

स्वाध्याय

१. प्रत्येक बदलानंतर ॲपची सारी तपासणी पुन्हा का करावी लागते?
२. ‘माकडचाचणी’चा उपयोग कोणता व तिची मर्यादा कोणती?
३. परीक्षकाने तेरा तालुक्यांची नावे तपासूनही दोष का सापडला नसता?
४. पाच बटणे एका वेळी एक अशी चार वेळा दाबण्याचे किती प्रकार होतील, ते गणित करून सांगा.
५. आपल्या तालुक्यातील जोडाक्षरे असलेली दहा गावांची नावे लिहा आणि टीव्हीवर किंवा संगणकावर ती शुद्ध उमटतात का, ते पाहा.