हेगच्या कोर्टात पीडित कुठे बसतो?

प्रश्न : युद्धगुन्ह्यांचे खटले हेगला चालतात. पण ज्यांची घरं जळली त्यांना तिथे कुणी विचारतं का? भरपाई मिळते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विचारतात, पण हे अलीकडचं. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर न्यूरेम्बर्गला खटले चालले, तेव्हा पीडित फार तर साक्षीदार होते. साक्ष संपली की काम संपलं. १९९८च्या रोम करारातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं आणि तिथे पीडितांना स्वतःच्या वकिलामार्फत म्हणणं मांडता येऊ लागलं. अर्थात पीडित शेकड्यांनी, हजारांनी. त्यामुळे बहुधा सगळ्यांत मिळून एक-दोन वकील.

भरपाईसाठी काँगोतल्या बोगोरो गावाचं उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २००३ रोजी तिथे हल्ला झाला. त्याबद्दल सशस्त्र गटाचा म्होरक्या जेर्में कातांगा २०१४ मध्ये दोषी ठरला. मग न्यायाधीशांनी जो पंचनामा केला तो आपल्या तलाठ्यालाही जड गेला असता : ३४१ अर्ज एकेक करून तपासले. कुणाचं घर गेलं, कुणाची गुरं, कुणाचा भाऊ. २९७ अर्ज ग्राह्य धरले. नुकसानीची बेरीज झाली सुमारे साडेसदतीस लाख डॉलर, त्यातले दहा लाख कातांगाच्या माथी. त्याच्या खिशात दमडी नव्हती. पैसे दिले न्यायालयाशी जोडलेल्या पीडित निधीने. रोख हातात पडले प्रत्येकी २५० डॉलर. ही रक्कम प्रतीकात्मक आहे, असं खुद्द न्यायालयच म्हणालं. शिवाय घर, शिक्षण, रोजगार आणि मानसिक उपचार यांसाठी सामूहिक मदत.

खरी मेख पुढेच आहे. आरोपी दोषी ठरला तरच भरपाई. आपल्याकडे २००९ पासून आरोपी सुटला तर पीडिताला अपील करता येतं. हेगला ती सोय नाही, तिथे पीडितांचं अपील भरपाईच्या आदेशापुरतंच. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात आपल्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल काँगोचा नेता ज्याँ-पिएर बेम्बा २०१६ मध्ये दोषी ठरला, तेव्हा ५,२२९ पीडित त्या खटल्यात सहभागी होते. जून २०१८ मध्ये तो अपिलात सुटला आणि भरपाईचं प्रकरणही बंद झालं. बलात्कार आणि लूट झालीच नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं! निधीने पुढे त्या देशात मदतकार्य जाहीर केलं, पण ते मदत म्हणून. हक्काचा आदेश त्या लोकांच्या हाती आलाच नाही.