पिस्टनचा कार्बन काढताना

प्रश्न : विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनच्या पिस्टनवर कार्बन साचला आहे. कॉस्टिक सोड्यात उकळून काढावा का? (एक शेतकरी, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : मुळीच नको!

बिडाचे भाग कॉस्टिकमध्ये स्वच्छ निघतात, पण पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खाते आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे मराठवाड्याच्या शिवारात ओळखीची आहेत. तशा इंजिनाचा पिस्टन घरीही साफ होतो. त्यासाठी तो रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवावा. सकाळी मऊ पडलेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. पिस्टनच्या बाजूला तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नये, चरे पडतात.

खरी कसोटी रिंगांच्या खाचांत आहे. मेकॅनिक तुटक्या जुन्या रिंगेचा तुकडा वापरतात. तो चालतो, मात्र धातू खरवडला गेला तर नवी रिंग सैल बसते. ऑइल रिंगेच्या खाचेतली बारीक भोके मोकळी करायला विसरू नये.

कार्बन पुन्हा लवकर साचला, तर नोझल, एअर फिल्टर आणि रिंगांची झीज तपासून घ्यावी.