कंदील आधी, कॅमेरा नंतर

पुणे

चि. बाळास,

तुझा लघुपट तीनदा पाहिला. एकदा मावशी म्हणून आणि दोनदा एडिटिंगच्या टेबलावर वीस वर्षं काढलेली बाई म्हणून. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बायको, ही गोष्ट तुला तुझ्या आईनेच सांगितली असणार. त्या बायकोच्या भूमिकेतली ताई दार उघडून रस्त्याकडे पाहते तिथे मला हुंदका आला. म्हणूनच बाकीचं स्पष्ट लिहिते.

रात्र आहे, घरात कंदील आहे आणि उजेड येतोय समोरून, पांढराफटक, सगळीकडे सारखा. मग कंदील कशाला ठेवलास? पडद्यावर दिसणाऱ्या उजेडाला त्या घरातच उगम असावा लागतो. एलईडी वापर, पण पिवळा घे, कंदिलाच्या बाजूने आणि कंदिलाच्याच उंचीवर लाव, पुढे बटर पेपर धर. तो ताईच्या जवळ असू दे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. ताई दिव्यापाशी आणि भिंत लांब असली की भिंत आपसूक अंधारात जाते. मोबाइल ऑटोवर सोडू नकोस, तो पिवळ्याचं पांढरं करून टाकतो. दोन शॉटमध्ये काळे पट्टे सरकतात ते आपल्या 50 हर्ट्झच्या विजेमुळे. सेकंदाला 25 चित्रं ठेव आणि शटर सेकंदाच्या 50 व्या भागावर बांध, पट्टे जातील.

दिवसाच्या शॉटला दिवाच नको. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रीकरणात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई भर उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, ऊन परतवून चेहऱ्यावर टाकायला. आपल्या गावात, देऊळघाटात, ऊन आणि चादर, दोन्ही फुकट आहेत.

आता घराकडे बघ. त्या घरात मी वाढले, म्हणून हे जास्त टोचलं. फळीवर प्लॅस्टिकचा डबा, दाराला नायलॉनची दोरी, ताईच्या अंगावर घडी मोडलेली नवी साडी. दुष्काळाचं घर दाखवायला वस्तू आणाव्या लागत नाहीत, काढाव्या लागतात. जर्मनचं एखादं पातेलं, गोणपाट, घडवंची आणि रिकामी कणगी, एवढंच राहू दे. त्या कणगीत हात घालून ताई तळ खरवडते, एवढा एकच शॉट घे, दुष्काळावरचे तुझे तीन संवाद गळून पडतील. साडी चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळव, रंग मरतो. चुलीमागच्या भिंतीवर खरी काजळी आहे, तिथे तू पडदा का लावलास? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले होते, पण 'सैरंध्री' (1920) काढणाऱ्या त्याच माणसाने सिनेमात रंगवलेल्या पडद्याऐवजी उभ्या भिंतींचं, वावरता येईल असं नेपथ्य आणलं. तुला तर घरच आयतं मिळालंय.

एडिटिंगचं मात्र मला सगळ्यात वाईट वाटलं. ताई वळते, तिचा हात कडीवर जातो आणि तिथेच तू तोडतोस. अरे, तिचा हात कडीवर थांबलेला मला पाहायचा होता! दर दोन सेकंदांनी कट मारला म्हणजे वेग येतो असं तुला कुणी सांगितलं? प्रेक्षकाला जे पाहायचंय ते पाहून होईपर्यंत थांब, आणि झालं की क्षणभरही रेंगाळू नकोस. खडीवर जाताना असं कर: चित्र ताईवरच राहू दे, फक्त हातोड्याचा ठक-ठक आवाज आधी येऊ दे, आणि चार ठोक्यांनी खाणीचा शॉट लाव. ती काय ऐकतेय हे कळेल. खालचं रडकं संगीत काढून टाक. 'कुंकू' (1937) या प्रभातच्या बोलपटात शांताराम बापूंनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही, घरातल्याच आवाजांवर भागवलं. तूही पंखा बंद करून घराची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर. दोन शॉटमधले आवाजाचे खड्डे तिनेच बुजतात.

आणि सगळं दोन डिस्कवर ठेव. माझ्या पहिल्या कामाचं चार दिवसांचं चित्रीकरण एकाच डिस्कवर होतं. ती सुरूच झाली नाही. त्या नटांना मी परत तोंड कसं दाखवलं, ते माझं मला माहीत.

पुन्हा चित्रीकरण करण्याआधी माझं एक काम कर. 1912 मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज एकेक चित्र घेत 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा चित्रपट केला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. तू मोबाइल मधल्या घरात पक्का बांध आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत दर अर्ध्या तासाला एक फोटो घे. धाब्याच्या छताला धूर जायला भोक आहे ना, त्यातून कवडसा उतरतो. तो उखळापासून सरकत दाराच्या उंबऱ्याकडे जायचा, आणि आम्ही पोरी त्याच्यावरून शाळेची वेळ ओळखायचो. ताईला कुठे बसवायचं हे तो कवडसाच तुला सांगेल.

ते फोटो मला पाठव, एकही गाळू नकोस. आणि लघुपटातला तो बाजारातला चकचकीत कंदील ठेवून दे. जुना कंदील आईने नक्की जपून ठेवला असेल, तिला विचार. त्याच्या काचेला वरच्या बाजूने तडा आहे, काढताना खालून धर.

तुझी मावशी