दोरीचा फास कसा बसतो?

भोरहून हिर्डोशी खोऱ्यात जा किंवा वेल्ह्याच्या बाजूला तोरण्याच्या पायथ्याशी जा. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, बोलण्यात मात्र वेल्हे हेच नाव अजून आहे.) तिथल्या एखाद्या घरात शिरा आणि किती दोऱ्या दिसतात ते मोजा. गोठ्यात वासराचे दावे, परड्यात शेळीची दोरी, पडवीत तुळईला बांधलेली साडीची झोळी, वाळत घालण्याची दोरी, बाळाच्या गळ्यातला काळा दोरा. शहरातल्या नव्या घरात यात आणखी एकीची भर पडते. खिडकीचा पट्ट्यापट्ट्यांचा पडदा वरखाली करण्याची ती दोरी असते. या साऱ्या दोऱ्या कामाच्या आहेत. पण लहान मूल किंवा मुके जनावर जवळ असेल, तर यांतली प्रत्येक दोरी गळफास होऊ शकते. ते कसे घडते, हे आज पाहू.

गळा आवळला म्हणजे श्वास कोंडतो आणि त्यामुळे मृत्यू येतो, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा मानेत कातडीच्या जवळून जातात. त्या मिटायला प्रौढ माणसातही सुमारे २ किलो वजनाचा ताण पुरतो. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या सुमारे ५ किलोला मिटतात. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांची असते, म्हणून तिला सुमारे १५ किलो लागतात. याचा अर्थ, श्वास अडण्याच्या आधीच मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. मेंदूजवळ प्राणवायूचा साठा जवळजवळ नसतो. रक्त पूर्ण थांबले, तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा होते. म्हणून अशा अपघातात ओरडणे ऐकू येत नाही. शेजारच्या खोलीत आई असली तरी तिला कळत नाही.

लहान मुलात हे आकडे आणखी खाली येतात. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते. तुमचे जवळजवळ आठवा. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचे वजनच सुमारे दोन किलो भरते, मानेचे स्नायू मात्र कोवळे. म्हणजे फास बसायला मूल लोंबकळायला हवे असे नाही. बसल्या बसल्या डोके दोरीवर रेलले तरी पुरते.

आता गाठीकडे वळू. आपल्या भाषेत निरगाठ आणि सुरगाठ असे दोन शब्द आहेतच. गळ्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा विचारायचा: ओढल्यावर फास लहान होतो की नाही? एक उशी घट्ट गुंडाळून तिची ‘मान’ करा. एका दोरीचा सरकता फास करून तिच्यावर चढवा आणि ओढा. फास आवळत जातो, आणि ओढणे थांबवले तरी दोरीवर दोरीचे घर्षण असल्याने तो सैल होत नाही. दुसऱ्या दोरीत न सरकणारी गाठ मारून तेवढेच कडे करा आणि ओढा. कड्याचा परीघ ठरलेला आहे, तो कमी होऊच शकत नाही. स्काउटच्या वर्गात शिकवतात ती बोलाइन गाठ याच जातीची. ती भार पडला तरी सरकत नाही आणि नंतर सहज सुटते. (हे प्रयोग उशीवरच करायचे; स्वतःच्या, मित्राच्या किंवा मांजराच्या गळ्यावर कधीही नाही.)

वासराला सरकत्या फासाने बांधले आणि ते बुजून मागे ओढू लागले, की ते जितके ओढेल तितका फास घट्ट होतो. म्हणून गळ्यातले कडे न सरकणारे हवे आणि त्यात दोन बोटे सहज जावीत. तरी एवढ्यावर काम संपत नाही. वासरू वाढते, कडे वाढत नाही. दर पंधरवड्याला बोटे घालून पाहिले नाही, तर दावे कातडीत रुतून जखम होते. शिवाय या भागातला पाऊस! अंबाडीचा किंवा घायपाताचा दोर भिजला, की तंतू फुगतात आणि पिळाचा दोर आखूड होतो, गाठही आवळते. उन्हाळ्यात बेताचे वाटणारे दावे आषाढात घट्ट होते. नायलॉन असे फुगत नाही, पण बारीक असते. २ किलोचा तोच भार ३ सेंटिमीटरच्या पट्ट्याऐवजी ३ मिलिमीटरच्या दोरीवर आला, तर कातडीवरचा दाब दहापट होतो. गळ्याला रुंद पट्टा बरा, तो यासाठी. शेळीच्या बाबतीत आणखी एक पाहा. बांधाच्या किंवा गडग्याच्या कडेला लांब दोरीने बांधलेली शेळी पलीकडे उडी मारते आणि अधांतरी लटकते. तिथे कोणतीही गाठ कामास येत नाही, जागाच बदलायला हवी.

झोळीचा धोका वेगळा आहे. तिला गाठीचा फास नसतो, पण मोठे भावंड तिच्यात बसून गरगर फिरते, तेव्हा साडीच्या दोन्ही बाजूंना पीळ पडतो. पीळ वरून खाली उतरत येतो, मधली फट मिटते, आणि मान त्या फटीत असेल तर कापडाचा दोर होऊन ती आवळली जाते. अशा बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. दोन्ही बाजूंच्या मध्ये वर एक आडवी काठी घट्ट बांधली, तर फट सहज मिटत नाही. मोठ्या मुलांनी झोळीत खेळायचे नाही, काम झाले की झोळी सोडून ठेवायची आणि बाळ बसू लागले की ती बंद करायची.

खिडकीच्या पडद्याबाबत पाश्चात्त्य देशांना हा धडा महागात पडला. युरोपच्या २०१४ सालच्या मानकात दोरी जमिनीपासून दीड मीटरच्या वर ठेवण्याची अट आली. अमेरिकेत २०१८ सालच्या मानकाने दुकानात तयार मिळणारे पडदे विनादोरीचे किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचे केले. दोरी लोंबती असलीच तर सुमारे २० सेंटिमीटरपेक्षा लांब नको. एवढी आखूड दोरी मुलाच्या मानेभोवती गुंडाळली जातच नाही. तुमच्या शाळेत, बँकेत किंवा दवाखान्यात असा पडदा असेल, तर दोरी भिंतीवरच्या उंच खुंटीला आठच्या आकारात गुंडाळा आणि पाळणा, पलंग, खुर्ची खिडकीपासून दूर सरकवा.

दोरीचे कडे ठेवणे भागच असेल, तर त्यात मुद्दाम एक कच्चा दुवा घालता येतो. कडे कापून टोके शिवणाच्या साध्या दोऱ्याने जोडायची. दोरा किती वजनाला तुटतो, हे घरीच मोजा. त्याला एक रिकामी प्लॅस्टिकची बादली टांगा आणि मापाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. बादलीचे वजन मिळवायला विसरू नका. दोरा बहुधा गाठीजवळ तुटेल, कारण गाठीने तो कमजोर होतो. आता गणित करा. कड्यावर २ किलो भार आला, तर तो दोन बाजूंत वाटला जातो आणि दोऱ्यावर १ किलोच येतो! म्हणजे १ किलोला तुटणारा दोरा कड्यात घातला, तर तो २ किलोलाच तुटेल, आणि तेवढ्यात तर शिरा मिटतात. आपल्याला त्याच्याहून बराच कच्चा दोरा हवा. बाळाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यालाही हेच लागू. तो गळ्यात नसणे उत्तम. घरच्यांचा आग्रहच असेल तर हलक्या ओढीने तुटणारा तरी असावा.

कोणी अडकलेले दिसलेच, तर गाठ सोडवत बसू नका. आधी अंग उचलून धरा म्हणजे मानेवरचा भार जातो. मग दुसऱ्या कोणाला विळ्याने किंवा कात्रीने गळ्यापासून दूरच्या जागी दोरी कापायला सांगा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मूल रडू लागले, खेळू लागले, तरी त्याला डॉक्टरांना दाखवायचेच. मानेच्या आतली सूज काही तासांनी वाढू शकते.